नागासाकीची चित्रशाळा

ज्युबिलीच्या पुण्यवर्षी प्रत्येक धर्मग्राम आपल्या मागील वाटचालीकडे वळून पाहतो. देवळाचा पाया कोणत्या साली घातला, घंटा कोणी अर्पण केली, कोणते धर्मगुरू येथे किती वर्षे राबले, शाळेची इमारत कशी उभी राहिली, या गोष्टी या स्मरणिकेच्या इतर पानांवर वाचकांस मिळतीलच. त्यांची नोंद अवश्य व्हावयास हवी, कारण उपकारांचे स्मरण हे ख्रिस्ती मनुष्याचे पहिले कर्तव्य होय. तथापि आम्ही या लेखात वाचकांस आपल्या वेशीबाहेर, समुद्रापलीकडे, जपान देशात नेऊ इच्छितो. चारशे वर्षांपूर्वी तेथे मुलांची एक चित्रशाळा होती. तिचे आयुष्य उणेपुरे तीस वर्षांचे. शिकविणारे परदेशातून आलेले मिशनरी, आणि शिकणारे तेथील ख्रिस्ती कुटुंबांतील मुलगे. ती शाळा मोडली गेली, तिचे गुरू देशोधडीस लागले, तिच्यातील बहुतेक चित्रे आगीत गेली. असे असूनही तिच्या इतिहासात एक प्रश्न फार स्पष्टपणे पाहावयास मिळतो, आणि ज्युबिली साजरी करणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामाने तो स्वतःस विचारण्याजोगा आहे. गुरू निघून गेल्यावर शिष्यांच्या हाती काय उरते, हा तो प्रश्न.

हा इतिहास आपणांस सर्वस्वी परका नाही. त्या काळी येशूसंघाचा जो मिशनरी जपानास जाई, तो लिस्बन सोडून, आफ्रिकेला वळसा घालून, प्रथम गोव्यास उतरत असे. तेथे अनुकूल वाऱ्याची वाट पाहून मलाक्का व मकाव या बंदरांवरून तो पुढे नागासाकीस पोहोचे. सगळे जुळून आले तरी हा प्रवास दोन वर्षांचा असे. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हेही तरुणपणी येथूनच येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानास गेले आणि तेथेच त्यांनी रक्ताची साक्ष दिली. त्यांचे नाव या लेखात पुढे दोन वेळा येईल. ते चित्रकार नव्हते, परंतु ज्या भूमीत ती चित्रशाळा चालली, त्याच भूमीत त्यांचा क्रूस रोवला गेला.

कथेचा आरंभ संत फ्रान्सिस झेवियर यांच्यापासून करावयास हवा. इ. स. १५४९ च्या १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, ते कागोशिमा या गावी उतरले. त्यांच्याबरोबर अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ होता. गोव्याच्या सांत पावलू कॉलेजात शिक्षण घेऊन व पावलू हे नाव धारण करून तो स्वदेशी परतला होता. त्या प्रांताच्या अधिपतीने त्यास भेटीस बोलाविले, तेव्हा त्याने बाळ येशूसह पवित्र मरियेचे एक चित्र बरोबर नेले. अधिपतीने ते चित्र पाहून गुडघे टेकले आणि दरबारातील मंडळीसही तसे करावयास सांगितले. अधिपतीच्या मातोश्रींस ते चित्र इतके आवडले की काही दिवसांनी त्यांनी माणूस पाठवून तसेच दुसरे चित्र करवून मागितले, व ख्रिस्ती लोक काय मानतात तेही लिहून मागितले. पावलूने धर्माची तत्त्वे त्यांच्या भाषेत लिहून दिली. चित्र मात्र देता आले नाही, कारण तसे चित्र काढण्याचे साहित्य त्या ठिकाणी मिळेना. हा वृत्तांत संत झेवियर यांनी स्वतः त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गोव्याच्या बंधूंस लिहिलेल्या पत्रात कळविला आहे.

एका वृद्ध स्त्रीची ती मागणी अपुरी राहिली, आणि पुढील तीस वर्षे तीच मागणी हजारो मुखांनी होत राहिली. इ. स. १५७९ मध्ये येशूसंघाचे निरीक्षक फादर आलेस्सांद्रो वालिन्यानो जपानात आले. १५८२ च्या सुमारास तेथील ख्रिस्ती लोकांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली होती, देवळे सुमारे दोनशे होती, आणि धर्मगुरू मात्र मोजके. पुष्कळ गावांस वर्षातून एखादे वेळीच मिस्सा लाभे. ज्या घरांत पूर्वी बुद्धाच्या मूर्तीपुढे दिवा लागे, त्या घरांतील देव्हारा आता रिकामा होता. तेथे काय ठेवावे, मुलाबाळांस कोणापुढे हात जोडावयास शिकवावे, हा प्रश्न प्रत्येक मातेस पडे. युरोपातून येणारी चित्रे थोडी, त्यांतील काही समुद्राच्या ओलाव्याने वाटेतच खराब होत, आणि उरलेली सरदारांच्या घरी जात. गरीब कोळ्याच्या झोपडीपर्यंत काहीच पोहोचत नसे.

यावर दोन उपाय संभवत होते. एक असा की युरोपातून अधिक चित्रे मागवावी. दुसरा असा की चित्रे काढावयास तेथील मुलांसच शिकवावे. पहिला उपाय सोपा होता, परंतु तो सदैव परावलंबी ठेवणारा होता. फादर वालिन्यानो यांचे एकंदर धोरणच दुसऱ्या प्रकारचे होते. जपानी लोकांस पोर्तुगीज बनविण्याकरिता आपण येथे आलो नाही, मिशनऱ्यांनीच येथील भाषा व शिष्टाचार आत्मसात केले पाहिजेत, आणि या देशाची ख्रिस्तसभा पुढे येथील धर्मगुरूंनीच चालविली पाहिजे, असे ते आग्रहाने प्रतिपादीत. या धोरणास अनुसरून त्यांनी १५८० च्या सुमारास आरिमा व आझुची या ठिकाणी मुलांकरिता दोन सेमिनऱ्या उघडल्या. तेथे जपानी व लॅटिन भाषा, गायन, वाद्यवादन व धर्मशिक्षण दिले जाई. पुढे संतपदास चढलेले पावलू मिकी हे आझुचीच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होते.

अशा स्थितीत इ. स. १५८३ मध्ये जोव्हानी निकोलो हे येशूसंघीय चित्रकार नागासाकीस पोहोचले. नेपल्सजवळील नोला गावचा हा तरुण तेव्हा सुमारे तेवीस वर्षांचा होता. प्रवासाने त्याची प्रकृती खालावली होती. तरीही त्याने लवकरच नागासाकी व आरिमा येथील देवळांकरिता तारणाऱ्या ख्रिस्ताची चित्रे काढली. चित्रकलेबरोबर घड्याळे व वाद्ये घडविण्यातही तो निपुण होता. एकट्याच्या हाताने दीड लाख लोकांची गरज भागणे शक्य नव्हते. म्हणून सेमिनरीतील ज्या मुलांच्या बोटांत कसब दिसे, त्यांस निवडून या गुरूच्या हाती सोपविण्यात आले. हीच ती चित्रशाळा. कधी शिकी येथे, कधी आरिये येथे, आणि शेवटी नागासाकीस, असे तिचे बिऱ्हाड हलत राहिले. कारण १५८७ मध्ये राज्यकर्ता हिदेयोशी याने मिशनऱ्यांस देश सोडण्याचा हुकूम काढला होता, आणि शाळेस आडोशाच्या जागी दिवस काढावे लागत होते.

शिक्षणाचा क्रम कसा असे, हे वाचकांस जाणावेसे वाटेल. जपानी मुलगा लहानपणीच कुंचल्याने अक्षरे गिरवावयास शिकतो, त्यामुळे या मुलांचे हात आधीच वळणास लागलेले होते. तथापि त्यांच्या देशातील चित्रकला रेषेची व सपाट रंगाची. रंगद्रव्य सरसाच्या पाण्यात कालवून कागदावर किंवा रेशमावर लावावयाचे, आणि तो रंग पाहता पाहता सुकून जावयाचा. युरोपीय तैलरंगाची रीत निराळी. तेलात खललेला रंग सावकाश सुकतो, त्यामुळे एका थरावर दुसरा थर चढवून छायाप्रकाशाने गालाची गोलाई व वस्त्राची घडी दाखविता येते. म्हणून मुलांस प्रकाश कोठून येतो हे प्रथम पाहावयास शिकावे लागले. काही मुले जलरंगात काम करीत, काही तैलरंगात, आणि काहींस तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचे काम शिकविले जाई. हे शेवटचे काम विशेष चिकाटीचे. पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघ खणावयाची, तीत शाई भरून वरचा भाग स्वच्छ पुसावयाचा, आणि ओला कागद त्यावर दाबावयाचा. कागदावर चित्र उलटे उमटते, म्हणून अक्षरे पत्र्यावर उलटी कोरावी लागतात. ज्या मुलास लॅटिन लिपी सुलटी लिहिणेही नवे होते, त्याने ती उलटी कोरावी, ही साधना लहान नव्हे. परंतु असा एक पत्रा सिद्ध झाला की त्यावरून शेकडो चित्रे निघत, आणि कोळ्याच्या झोपडीतही पवित्र मरियेचे चित्र पोहोचण्याचा मार्ग मोकळा होई.

इ. स. १५९० मध्ये या शाळेस मोठी जोड मिळाली. आठ वर्षांपूर्वी फादर वालिन्यानो यांनी चार जपानी कुमारांस परमगुरूंच्या दर्शनाकरिता रोमला धाडले होते. जाताना व येताना हे कुमार गोव्यास राहिले होते. परतीच्या मुक्कामात, १५८७ साली, त्यांच्यापैकी हारा मार्तिन्यो याने तेथे लॅटिन भाषेत भाषण केले, व ते पुढील वर्षी गोव्यातच छापले गेले. हे कुमार स्वदेशी परतले तेव्हा त्यांच्याबरोबर छापखाना होता आणि युरोपातील उत्तम चित्रेही होती. मुलांनी त्या चित्रांच्या नकला केल्या. त्या इतक्या हुबेहूब उतरल्या की रोमहून आलेले चित्र कोणते आणि मुलांनी काढलेले कोणते, हे आमच्यातील पुष्कळांस ओळखता येईना, असे त्या काळच्या मिशनऱ्यांनी कौतुकाने कळविले आहे.

येथे कोणी विचारील की नुसती नक्कल करावयास लावणे हे कसले कलाशिक्षण? आणि परक्या देशाची चित्रे या मुलांकडून गिरवून घेणे हा त्यांच्या स्वतःच्या कलेवर अन्याय नव्हे काय? हे आक्षेप क्षुल्लक नव्हेत. मिशनच्या इतिहासात असा अन्याय कोठे घडलाच नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु या शाळेपुरते पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की गुरूच्या चित्रावरून चित्र काढणे हीच त्या काळी इटलीतही आणि जपानातही शिकण्याची सर्वमान्य रीत होती. दुसरी, अधिक महत्त्वाची, ही की मुले नकलेवर थांबली नाहीत. नागासाकीच्या रक्तसाक्षींच्या संग्रहालयात ‘हिमगौरी मरिया’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे एक चित्र आहे. नमुना युरोपीय, परंतु कागद व रंग जपानी, आणि मुखावरील शांत भाव पाहून हे त्याच भूमीतील हाताचे काम होय, अशी खात्री पटते. या शाळेच्या परंपरेतून निघालेल्या चित्रकारांनी जपानी घडीच्या पडद्यांवर युरोपातील घोडेस्वार राजे रंगविले आणि पृथ्वीचे नकाशेही काढले. शिकलेली विद्या त्यांनी आपली करून घेतली होती.

आता इ. स. १५९७ या वर्षाकडे वळू. संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानात प्रथम आठ वर्षे येशूसंघीयांचे धर्मशिक्षक म्हणून काम केले होते. तेथील भाषा त्यांस उत्तम अवगत होती. काही काळ व्यापार करून पुढे त्यांनी मनिला येथे संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या संघात बंधू म्हणून प्रवेश केला, व १५९३ मध्ये ते दुभाषा म्हणून पुन्हा जपानात आले. १५९६ च्या अखेरीस हिदेयोशीच्या आज्ञेने त्यांस व त्यांच्या सोबत्यांस पकडण्यात आले, आणि भर हिवाळ्यात क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवीत नेऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या सव्वीस जणांस क्रूसावर चढविण्यात आले. त्यांत पावलू मिकी होते. त्यांत तीन कुमारही होते. सर्वात लहान लुईस याचे वय अवघे बारा वर्षांचे.

ज्या वर्षी नागासाकीच्या टेकडीवर हे घडले, त्याच वर्षी तेथून फार दूर नसलेल्या सेमिनरीतील मुले तांब्याच्या पत्र्यावर सेव्हिल नगरीतील सुप्रसिद्ध पवित्र मरियेचे चित्र कोरीत होती. त्या चित्राचा एक छाप आजही नागासाकीस जतन केलेला आहे, आणि त्यावर ‘जपानी सेमिनरीत, १५९७’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. आपल्याच वयाच्या तीन मुलांस क्रूसावर मरण आले, ही वार्ता त्या मुलांच्या कानी गेली असणार, यात शंका नाही. तरी गुरूंनी शाळा बंद केली नाही व मुलांनी हत्यार खाली ठेवले नाही. आमच्या मते त्या लहानशा छापावरील साल हे एक धर्मोपदेशच होय.

या शाळेतील काही शिष्यांची नावे इतिहासाने राखली आहेत. जाकोबो निवा हा चिनी पिता व जपानी माता यांचा पुत्र. त्याने पुढे पेकिंग येथे फादर मातेओ रिच्ची यांच्या हाताखाली काम केले, व तेथील देवघराकरिता पवित्र मरियेचे चित्र काढले. मकाव येथे चिनी कुटुंबात जन्मलेला मानुएल परेरा हाही याच गुरूचा शिष्य. १६१० मध्ये फादर रिच्ची निवर्तले तेव्हा त्यांचे जे चित्र त्याने काढले, ते आज रोम येथे येशूसंघाच्या निवासात आहे. रिच्ची यांचा चेहरा जगास ठाऊक आहे तो या शिष्याच्या कुंचल्यामुळे. तिसरा शिष्य लिओनार्दो किमुरा, चित्रकार व ताम्रपट कोरणारा. त्याने येशूसंघात बंधू म्हणून व्रत घेतले. छळाच्या काळात त्यास कैद झाली आणि १८ नोव्हेंबर १६१९ रोजी नागासाकीस त्यास जिवंत जाळण्यात आले. इ. स. १८६७ मध्ये परमगुरू नववे पायस यांनी त्यास धन्यवादित घोषित केले. ज्या हातांनी मुलांकरिता तारणाऱ्याची चित्रे काढली, ते हात अशा रीतीने होमात पडले.

किमुरापूर्वीच शाळेचा अंत झाला होता. १६१४ साली तोकुगावा राजसत्तेने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मिशनऱ्यांस गलबतांवर चढवून बाहेर घालविण्यात आले, देवळे पाडण्यात आली, चित्रे हुडकून जाळण्यात आली. निकोलो आपल्या काही शिष्यांसह मकावास गेले व तेथेच १६२६ मध्ये त्यांनी देह ठेवला. मकाव येथील देवमातेच्या देवळाचा भव्य दर्शनी भाग निर्वासित जपानी ख्रिस्ती कारागिरांच्या साहाय्याने उभारला गेला. १८३५ च्या आगीत ते देऊळ जळाले, पण ती दगडी भिंत अद्याप उभी आहे.

जपानात मागे राहिलेल्या ख्रिस्ती जनांवर मात्र याहून कठीण प्रसंग आला. सुमारे १६२९ पासून अधिकारी लोकांपुढे ख्रिस्ताचे किंवा पवित्र मरियेचे चित्र जमिनीवर ठेवीत व प्रत्येकास त्यावर पाय देऊन जावयास लावीत. जो कचरे तो ख्रिस्ती ठरे. आरंभी याकरिता भाविकांच्या घरांतून जप्त केलेलीच चित्रे व पदके वापरली जात; पुढे १६६९ मध्ये पितळेच्या खास प्रतिमा ओतविण्यात आल्या. भक्तीकरिता निर्माण झालेले चित्र भक्ताची परीक्षा घेणारे हत्यार झाले. येथे एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. १६३७ साली शिमाबारा येथील पीडित शेतकऱ्यांनी बंड केले व हारा किल्ल्याचा आश्रय घेतला. त्यांच्यात यामादा एमोसाकू नावाचा पाश्चात्य पद्धतीत तयार झालेला चित्रकार होता. पवित्र साक्रामेंताची वंदना करणारे देवदूत ज्यावर आहेत, तो त्यांचा ध्वज परंपरेने त्याच्या हातचा मानला जातो. परंतु याच मनुष्याने बाणास चिठ्ठ्या बांधून शत्रूशी संधान बांधले, आणि १६३८ च्या वसंतात किल्ल्यातील हजारो माणसे कापली गेली तेव्हा तो वाचला. यावरून शहाण्याने हे जाणावे की कुशल हात म्हणजे श्रद्धाळू अंतःकरण नव्हे. कला ही धर्माची दासी होऊ शकते, धर्माचे स्थान घेऊ शकत नाही.

तर मग या शाळेपासून काय निष्पन्न झाले? राजसत्तेने चित्रे जाळली, परंतु सर्व जाळली नाहीत. इ. स. १९२० मध्ये ओसाकाच्या परिसरातील इबाराकी येथील डोंगरी वस्तीत एका शेतकऱ्याच्या घरी, पिढ्यान्‌पिढ्या न उघडलेल्या पेटीत, संत फ्रान्सिस झेवियर यांचे चित्र सापडले. आज ते कोबे शहराच्या संग्रहालयात आहे. शेकडो वर्षे त्या घरातील माणसांनी शोध घेणाऱ्यांच्या नजरेआड ते राखले. सापडते तर सर्व कुटुंबास देहान्त शिक्षा झाली असती.

इकित्सुकी बेटावरील गुप्त ख्रिस्ती लोकांची कथा तर याहून मनोवेधक आहे. ते आपली पवित्र चित्रे माजघरातील कोठीत लपवून ठेवीत. कागद जुना होऊन झिजला की त्याच चित्रावरून नवे चित्र काढीत. या कामास त्यांनी आपल्या भाषेत ‘कपडे धुणे’ अशा अर्थाचे नाव दिले. धर्मगुरू नाही, शाळा नाही, गुरू नाही. परंतु जुन्यावरून नवे काढण्याची रीत चालूच होती. पिढीमागून पिढी चित्र बदलत गेले. पवित्र मरियेस जपानी पोशाख आला, केसांची बांधणी जपानी झाली, आणि अखेर ती बेटावरील कोणा कोळणीसारखी दिसू लागली. चित्रकलेच्या पंडितास ही चित्रे ओबडधोबड वाटतील. आम्हास त्यांत एका मातेचा हात दिसतो. आपल्या लेकरास कोणापुढे हात जोडावयास शिकवावे, हे तिला ठाऊक होते.

या दीर्घ रात्रीचा शेवट कसा झाला, हे ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक अद्‌भुत पान होय, आणि आमच्यासारख्या धर्मगुरूंस सेमिनरीच्या दिवसांपासून ते परिचित आहे. १८६५ च्या फेब्रुवारीत फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीच्या ओऊरा भागात परदेशी व्यापाऱ्यांकरिता एक देऊळ उघडले. हे देऊळ नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्षींच्या नावे अर्पिलेले होते. तीनच वर्षांपूर्वी, ८ जून १८६२ रोजी, परमगुरूंनी त्यांस संतपद दिले होते, आणि त्यांत आपले गोन्सालो गार्सिया होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी खेड्यातील दहापंधरा स्त्रीपुरुष त्या देवळाच्या दारी आले. फादर पेतिजाँ प्रार्थना करीत असता एक स्त्री जवळ आली आणि हलक्या आवाजात बोलली की आमचे अंतःकरण आपल्यासारखेच आहे. त्यानंतर तिने पहिला प्रश्न केला तो हा की पवित्र मरियेची प्रतिमा कोठे आहे? फादरांनी त्यांस वेदीकडे नेले. बाळ येशूस कडेवर घेतलेली माता पाहताच त्या मंडळीने ती ओळखली.

दोनशे वर्षांहून अधिक काळ त्यांच्यात एकही धर्मगुरू नव्हता. ज्यांनी आयुष्यात कधी देऊळ पाहिले नव्हते, त्यांनी मातेस ओळखले. ओऊरा येथील प्रतिमा फ्रान्सहून आलेली होती, निकोलोच्या शिष्यांच्या हातची नव्हती. परंतु कागोशिमाच्या त्या वृद्ध स्त्रीने मागितलेले चित्र जपानातील घराघरांत कधी पोहोचलेच नसते, तर उराकामीच्या या स्त्रीच्या मुखी तो प्रश्न आला असता काय? मुखपाठ प्रार्थना, बाप्तिस्म्याचा विधी, सणांचे पंचांग यांनी ती श्रद्धा जगविली हे खरे. परंतु डोळ्यांनी पाहिलेले व हातांनी काढलेले रूपही त्यांच्या जोडीस होते. यानंतरही छळ संपला नाही. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांस दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले, त्यांतील शेकडो तेथेच मरण पावले, आणि १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरल्यावर उरलेले घरी परतले. सर्वच गुप्त ख्रिस्ती ख्रिस्तसभेत परत आले नाहीत. काहींनी पूर्वजांची रीत जशीच्या तशी चालू ठेवली.

आता हा इतिहास आम्ही ज्युबिलीच्या पुस्तिकेत का सांगितला, हे दोन शब्दांत नमूद करितो. आपल्या पूर्वजांवरही असाच, यद्यपि याहून सौम्य, प्रसंग आला होता. १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला, परदेशी धर्मगुरू निघून गेले, पुष्कळ देवळे ओस पडली. श्रद्धा राहिली ती घरातील जपमाळेमुळे, अंगणातील क्रूसामुळे, आणि आजीने नातवंडांस शिकविलेल्या प्रार्थनांमुळे. जे लोकांच्या हाती सोपविले होते ते टिकले.

आज आपल्या मुलांच्या हाती आपण काय सोपवीत आहोत? नाताळचा गोठा आता बाजारात तयार मिळतो, तारा तयार मिळतो, सणाची सजावट कंत्राटाने होते. ते सुबक असते, आणि मुले दुरून पाहतात. आम्ही बाजारास दोष देत नाही. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलाने चिखलाचा का होईना, स्वतःचा बाळ येशू करावा, क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रे स्वतःच्या हाताने काढावी, ती वाकडीतिकडी झाली तरी देवळाच्या भिंतीवर मानाने लावावी, अशी आमची पालकांस, शिक्षकांस व धर्मभगिनींस कळकळीची विनंती आहे. आपल्यातील जे तरुण सेवेकरिता दूरच्या मिशनात जातील, त्यांसही आम्ही हेच सांगू. तयार वस्तू वाटून येऊ नका. तेथील मुलांस करावयास शिकवून या, आणि त्यांनी ती विद्या आपल्या रीतीने बदलली तर खेद मानू नका.

आणखी पन्नास वर्षांनी या धर्मग्रामाची पुढली ज्युबिली होईल, तेव्हा आम्ही नसू. या पानांवर ज्यांची छायाचित्रे आहेत त्यांतील बहुतेक नसतील. तेव्हा जे उरेल ते आजच्या मुलांच्या हातांत असेल. ते हात रिकामे राहू नयेत, म्हणून आपण सर्वांनी मिळून झटावे, व परमेश्वराने आपल्या यत्नांस यश द्यावे, हीच या पुण्यवर्षी आमची प्रार्थना.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हासाठी विनंती कर.